दुसरा अनारसा

शुभाताईंना देवाने एकच जावई दिला, आणि तोही उपाशी.

चँडलरच्या मराठी मंडळात इतरांचे जावई डायबेटिसच्या गोळ्या खिशात ठेवून गुलाबजाम उडवायचे. शुभाताईंचा जावई मासाकी ओनोदेरा मात्र पानात वाढलेल्या चमचाभर भाताकडे आदराने बघत बसायचा. दोष त्याचा नव्हता. तो जॉकी होता. घोड्याच्या पाठीवर किती वजन जायचं हे रेसच्या आधीच ठरलेलं असतं, आणि काट्यावर जॉकी जास्त भरला की त्याचा घोडा दुसऱ्याला मिळतो. म्हणून सकाळी काळी कॉफी, दुपारी अर्धं उकडलेलं अंडं, आणि ॲरिझोनाच्या भर उन्हात रबरी सूट घालून पळणं. त्याने शिकलेला पहिला मराठी शब्द होता ‘पुरे’. सासूच्या हातातल्या पळीपुढे दुसरा कुठला शब्द कामाला येणार होता?

शुभाताईंचं खरं दुखणं होतं अधिक महिन्याचं. धोंड्याचा महिना आला की जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही नागपुरातली त्यांची रीत त्यांनी वाळवंटात येऊनही सोडली नव्हती. तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, गुळात कालवून पीठ मुरवायचं, खसखशीवर थापायचं, आणि तुपात सोडताना जीव मुठीत धरायचा, कारण अनारसा कढईत हसला की संपलंच. एवढं करून चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले की मासाकी गुडघ्यावर बसून त्यातला एक उचलायचा, दोन्ही हातांनी कपाळाला लावायचा आणि चिमणीसारखा खायचा. मग रुमालाला बोटं पुसून म्हणायचा, “आई, पुरे.” उरलेले बत्तीस तबेल्यातली माणसं आणि शेजारपाजार मिळून फस्त करत. “माझ्या जावयाचं वाण सगळ्या गावाने खाल्लं,” असं त्या दर वेळी म्हणायच्या. लग्नानंतरचे चार अधिक महिने असेच गेले.

त्यांची मुलगी पद्मिनी हे ऐकून हसायची. ती फिजिओथेरपिस्ट. मासाकी तिला पहिल्यांदा भेटला तोच मोडलेलं गळ्याचं हाड घेऊन. पेशंट दुखतंय का विचारतात, बिल किती विचारतात, याने एकच विचारलं होतं, “परत कधी बसू शकेन?” तिने सांगितलं त्याच्या निम्म्या दिवसांत तो घोड्यावर होता. ती चिडली, भांडली, आणि वर्षभरात त्याच्याशीच लग्न केलं. अशा माणसाला शहाणपण शिकवायचं तर चोवीस तास लक्ष ठेवावं लागतं, असं तिने आईला सांगितलं होतं.

तो जपानातल्या होक्काइदोचा. लहानपणापासून घोड्यांत वाढलेला, कोवळ्या वयात जॉकींच्या शाळेत गेलेला. तिकडे मोठ्या ट्रॅकवर त्याला कुणी विचारलं नाही. बर्फ पडला तरी रेस होते अशा लहान गावांत तो घोडे पळवत राहिला, आणि एक दिवस एक बॅग आणि स्वतःचं खोगीर घेऊन अमेरिकेत उतरला. इंग्रजी येत नव्हतं. पहाटे तबेल्या-तबेल्यासमोर टोपी काढून उभा राहायचा आणि पाठ केलेलं एक वाक्य म्हणायचा: आज एखादा घोडा आहे का? लोकांनी त्याला असे घोडे दिले की ज्यांच्यावर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. त्या घोड्यांवर त्याने हजाराच्या वर रेस जिंकल्या. रेस संपली की जिंको वा हरो, तो ट्रॅककडे तोंड करून कमरेत वाकायचा. पहिल्या वर्षी कठड्याशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्याची टिंगल केली; पुढे तेच म्हातारे टोप्या काढून उलट वाकायला लागले. पद्मिनीला नवऱ्याचा अभिमान होता तो असल्या गोष्टींसाठी. ट्रॉफ्या तर तिने कपाटात कोंबून ठेवल्या होत्या.

मग गेल्या वर्षी शरद ऋतूत तो पडला. घोडा वळणावर अडखळला, मागून येणारे दोन त्याच्या अंगावरून गेले आणि मानेच्या मणक्याला चीर पडली. सर्जनने बंदी घातली नाही, फक्त भीती घातली. म्हणाला, “यू कॅन राइड. पुन्हा असाच पडलास तर मात्र घरच्यांना तुला भरवावं लागेल.” पद्मिनीने त्या रात्री काही म्हटलं नाही. म्हणाली असती तर रडली असती, आणि रडून थांबवलेला माणूस आयुष्यभर खिडकीतून बाहेर बघत बसतो हे तिला ठाऊक होतं.

थांबला तो आपणहून. ट्रेनरच्या परीक्षेला बसला. अधिकाऱ्यांसमोर घोड्याच्या पायाला पट्टी बांधून दाखवली, औषधांचे नियम तोंडपाठ केले, पास झाला. इथे एका माणसाला दोन्ही कामं करता येत नाहीत, म्हणून जॉकीचं लायसन्स परत केलं. शुभाताईंनी देवापुढे साखर ठेवली. पण गॅरेजमध्ये खुंटीवर त्याचं खोगीर तसंच होतं, आणि दर रविवारी तो त्याला तेल लावायचा. पद्मिनीला गाडी काढताना तो वास यायचा. वापरायचं नाही त्या चामड्याला कोण तेल लावतं?

ट्रेनर झाला, पण घोडा कुठून आणायचा? आयुष्यभर ज्याने घोडे पळवले त्याला ते तयार करता येतील, असं मालकांना वाटत नव्हतं. गाडी चालवणारा वेगळा आणि मेकॅनिक वेगळा, अशी त्यांची समजूत. शेवटी एक घोडी मिळाली ती हेमचंद्रकाकांची. हे काका चिप कंपनीतून रिटायर झालेले, मूळचे मुंबईचे, बायको गोल्फ खेळ म्हणत असताना ज्यांनी घोडी घेतली असे. घोडी करड्या रंगाची, नाव ठेवलं तडका. “मराठी माणूस ना तुम्ही? मग फोडणी म्हणा की,” असं शुभाताईंनी त्यांना तोंडावर सुनावलं होतं.

तडका नावाप्रमाणेच होती. सुरुवातीला तडतड, मग सगळं थंड. गेट उघडलं की सुसाट सुटायची, निम्म्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात दम संपून सगळ्यांच्या मागे. दोन ट्रेनरांनी तिच्यापुढे हात टेकले होते.

“मासाकी, यार, तुझ्यावर सोडली आहे,” हेमचंद्रकाका म्हणाले. “नाही जमलं तर नो हार्ड फीलिंग्ज. मी तिला कुणाच्या तरी रँचवर पाठवून देईन.”

मासाकीने तिला पळायला शिकवलं नाही, थांबायला शिकवलं. रोज पहाटे तिला दुसऱ्या घोड्यांच्या मागे चालवलं, तोंडावर वाळू उडू दिली. पाठीवर बसायला त्याने मारिसोल नावाची तरुण जॉकी घेतली, नोगालेसची, हात हलके पण नाव अजून न झालेली. तो कठड्याशी उभा राहून तिला एकच शब्द ओरडायचा: “वेट.” सगळा हिवाळा त्या एका शब्दात गेला. पद्मिनी कधी कॉफी घेऊन गेली तर तिला दिसायचं, तोंडाने तो थांब म्हणतोय आणि हात मात्र हवेतला लगाम सैल सोडतायत. ती हसायची आणि त्या हातात कॉफीचा कप द्यायची.

मे महिन्यात फोन आला. पूर्वेकडच्या एका ट्रॅकवरचा एजंट होता, जुना ओळखीचा. जॉकी कमी पडतायत, ऑगस्टपासून ये, चांगले घोडे देतो, लायसन्सचं बघून घेऊ. मासाकीने फोन ठेवला आणि पद्मिनीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती.

“तू काय सांगितलंस?” तिने विचारलं.

“तडकाच्या रेसनंतर सांगतो म्हटलं,” तो म्हणाला. “ती शिकली असेल तर मला शिकवता येतं. नसेल शिकली तर मला फक्त बसता येतं. मग मी बसेन.”

“आणि मान?”

“मान माझीच आहे,” तो म्हणाला. ते खरंही होतं आणि खोटंही, कारण त्या मानेला रोज संध्याकाळी शेक देणारे हात पद्मिनीचे होते. पण ती भांडली नाही. घोडामैदान जवळच होतं.

त्यातच अधिक महिना लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. शुभाताईंनी अनारसे केले, ताट मांडलं, आणि जावयाला बोलावलं. मासाकीने ताटाला नमस्कार केला आणि पहिल्यांदाच हात मागे घेतला. आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “आई, रेसनंतर. एक की जास्त, तेव्हा सांगतो.”

शुभाताईंना अर्थ कळायला वेळ लागला नाही. एक अनारसा म्हणजे पुन्हा काटा, पुन्हा रबरी सूट, पुन्हा ते वळण. त्यांनी अनारसे डब्यात भरले. जन्मभर ज्या बाईने रेसला जुगार म्हणून नाक मुरडलं, तिने त्याच रात्री मुलीला विचारलं, “ट्रॅकवर नऊवारी चालते का गं? की उगाच लोक फोटो काढतील?”

उन्हाळ्यात फिनिक्सकडे डांबर वितळतं, म्हणून रेस असते वर डोंगरात, पाइनच्या झाडांतल्या एका लहान ट्रॅकवर. शुभाताई साधी सुती साडी नेसून, मांडीवर डबा घेऊन गाडीत बसल्या. मासाकी मागच्या सीटवर कोट आणि टाय घालून बसला होता. ट्रेनरने कोट घालायचा असतो. तो त्याला खांद्यात सैल होता.

रेसआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात, गवताचं एक कुंपण घातलेलं वर्तुळ असतं ते. हेमचंद्रकाका लाल टाय लावून आधीच हजर होते आणि भेटेल त्याला घोडीकडे बोट दाखवून “दॅट्स माय मेअर” म्हणून सांगत होते. मारिसोल त्यांच्या केशरी रंगाचा रेशमी शर्ट घालून, चाबूक काखेत धरून उभी होती. पद्मिनी आणि शुभाताई कठड्याशी.

मग पंचाने हाक दिली, “रायडर्स अप!” या हाकेला प्रत्येक जॉकी आपल्या घोड्याच्या डाव्या अंगाला जातो, आयाळ धरतो, डावा गुडघा मागे मुडपतो, आणि ट्रेनर त्याची नडगी धरून त्याला अलगद वर उचलतो. ही जुनी रीत, जपानपासून ॲरिझोनापर्यंत सारखीच.

मासाकी तडकाच्या डाव्या अंगाला गेला. त्याने आयाळ धरली. आणि कोट-टायसकट, डावा गुडघा मागे मुडपून, आपल्याला कुणी उचलेल म्हणून शांत उभा राहिला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कठड्याशी कुणीतरी हसलं, त्याचं बघून आणखी चारजण हसले. हेमचंद्रकाकांचा चेहरा त्यांच्या टायच्या रंगाचा झाला. “हे असं काय करतायत?” शुभाताईंनी विचारलं.

“सवय आहे, आई,” पद्मिनी म्हणाली. परीक्षा पास झाला, लायसन्स दिलं, कोट घातला. पण हा माणूस अजून घोड्यावरून उतरलेलाच नव्हता. त्याच्या गुडघ्याला कुणी कळवलंच नव्हतं. संध्याकाळी तो एजंटला काय सांगणार हे तिला तिथेच दिसलं, आणि तिला त्या मुडपलेल्या पायाची इतकी कीव आली की तिने कठडा घट्ट धरला.

मारिसोल हसली नाही. ती पुढे गेली, वाकली, मासाकीच्या नडगीखाली हात धरला आणि हळूच म्हणाली, “बॉस, आज तुम्ही खाली.”

मासाकीने पाय खाली टेकला. त्याचे कान लाल झाले होते. तो वळला, मारिसोलसमोर सरळ उभा राहिला आणि कमरेत वाकला, ट्रॅकसमोर वाकायचा तसा, पूर्ण. तीही वाकली. मग त्याने तिची नडगी धरली आणि तिला उचललं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातांनी उचललं गेल्यावर त्याला माहीत असणारच होतं, की कुठले हात धसमुसळे आणि कुठले बरे. ओटीत नारळ ठेवावा तशी मारिसोल खोगिरावर बसली. हसणारे गप्प झाले. ज्या म्हाताऱ्यांनी त्याला ओळखलं त्यांनी टोप्या काढल्या.

तो पद्मिनीशेजारी येऊन उभा राहिला तेव्हा त्याचे हात थंडगार होते. तिने एक हात धरून ठेवला.

गेट उघडलं. तडका सुटली, पण सुसाट नाही. मारिसोलने तिला आत घेतलं, बाकीच्यांच्या मागे, आणि वाळू तोंडावर घेत घोडी चक्क मागे पळू लागली. सगळ्यांत शेवटी. “वरातीमागून घोडं,” शुभाताई पुटपुटल्या. हेमचंद्रकाका दुर्बीण खाली घेऊन “ओह नो, ओह नो” करत होते.

पद्मिनी घोडीकडे बघत नव्हती. ती मासाकीच्या मोकळ्या हाताकडे बघत होती. वळण आलं, तेच वळण, प्रत्येक ट्रॅकवर असतं तसं, आणि त्याचा हात पुढे गेला. सोड. आता सोड. त्याचं अख्खं अंग पुढे झुकलं. तिकडे मारिसोलने काहीच केलं नाही. ती घोडीच्या मानेवर तशीच दबून राहिली, हात गप्प. पुढचे घोडे दूर जाऊ लागले आणि मासाकीने दात आवळून श्वास ओढला.

सरळ पट्टा लागला तेव्हा मारिसोलने लगाम सोडला. मग जे झालं ते शुभाताईंनाही कळलं, ज्यांना घोड्याचं पुढचं-मागचं एवढंच कळत होतं. करडी घोडी बाहेरच्या अंगाने आली आणि एकेक घोडा जणू उभा असल्यासारखा मागे टाकत गेली. पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी. पुढे एकच घोडा उरला. शेवटचा खांब आला तेव्हा दोन नाकं जवळजवळ एका रेषेत होती, आणि त्यांतलं त्या दुसऱ्या घोड्याचं नाक पुढे होतं.

दुसरी. नाकभराने.

हेमचंद्रकाकांनी कपाळावर हात मारला. पद्मिनीला ठाऊक होतं की नाकभराने हरणं ही जॉकीच्या जिवाला सगळ्यांत वाईट लागणारी गोष्ट असते. मी वर असतो तर. हे चार शब्द तिने कितीतरी घरांत, कितीतरी म्हाताऱ्या जॉकींच्या तोंडून ऐकले होते. आणि मासाकी आपल्या पुढे गेलेल्या हाताकडे बघत उभा होता.

“मी वर असतो तर,” तो म्हणाला.

तिने डोळे मिटले.

“मी वर असतो तर वळणावरच सोडली असती. नेहमीसारखी. आणि ती दमून पाचवी-सहावी आली असती.” तो तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते आणि चेहरा उजळला होता. “मारिसोल थांबली, पद्मिनी. दोघीही थांबल्या. मला तीस वर्षांत जमलं नाही ते त्या दोघींना मी शिकवलं.”

मग तो ट्रॅककडे वळला आणि वाकला. हरलेल्या माणसाचं ते वाकणं नव्हतं, हे कठड्यावरच्या शेवटच्या म्हाताऱ्यालाही कळलं. पद्मिनीने त्याला जिंकून येताना शेकडो वेळा पाहिलं होतं. पण त्याचा इतका अभिमान तिला कधीच वाटला नव्हता, आणि तिने तो अजिबात आवरला नाही. शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून ती म्हणाली, “दॅट्स माय हजबंड.”

वाण झालं तबेल्यातच. वाळल्या गवतापाशी काडी पेटवायला बंदी, म्हणून शुभाताईंनी पर्समधून बॅटरीची पणती काढली. ताट घरी राहिलं होतं. डबाच त्यांनी एका उलट्या बादलीवर मांडला. मारिसोल धुळीने माखलेली, घामाघूम, बघत उभी. हेमचंद्रकाका एव्हाना सावरले होते आणि फोनवर कुणाला तरी सांगत होते, “अरे, सेकंड! लास्ट यायची ती सेकंड आली, यू नो!” तडका दारावरून मान काढून डब्याचा वास घेत होती.

मासाकी गवतावर गुडघे टेकून बसला. त्याने एक अनारसा उचलला, दोन्ही हातांनी कपाळाला लावला, आणि नेहमीसारखा खाल्ला, एकेक चिमूट, खसखससुद्धा वाया न घालवता. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली.

इतकी वर्षं इथेच संपायचं. रुमाल, मग ‘पुरे’. शुभाताई झाकण हातात घेऊन उभ्या होत्या, लावायचं की नाही ते न कळून.

मासाकीने रुमालाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मग डब्यात हात घालून दुसरा अनारसा उचलला. तो त्याने कपाळाला लावला नाही. सरळ तोंडात घातला, दोन घासांत संपवला, आणि ओठावरची खसखस जिभेने टिपली. गॅरेजमधल्या खोगिराला आता तेल लागणार नाही, हे पद्मिनीला कळलं. घोडं गंगेत न्हालं होतं.

शुभाताईंच्या हातातलं झाकण खाली पडलं. डोळे पुसावेत की जावयाकडे बघावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. “अजून एक घ्या,” म्हणायला त्यांनी सवयीने तोंड उघडलं, तोवर त्याचा हात तिसऱ्याकडे गेला होता.